सोनचाफा पंधरा फूट झाला, पाच वर्षांत एक कळी नाही. काय चुकतंय?

सड्यावरचा | १२ जून २०२१, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं घर गोव्यात पेडणे तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या कातळाच्या माळाच्या) कडेला. जुनं मातीचं घर पाडून २०१५ ला नवं बांधलं. जुन्या घराच्या पुढ्यात आजीने लावलेला सोनचाफा होता तो त्या बांधकामात गेला, चिऱ्यांचा ट्रक आत यायला वाट नव्हती, कंत्राटदार म्हणाला हा काढावा लागेल आणि आम्ही बरं म्हटलं. आई त्या दिवशी मावशीकडे जाऊन राहिली होती, तोडताना बघायला नको म्हणून. तर २०१६ च्या पावसात मी रस्त्याकडेला टेम्पो लावून रोपं विकणाऱ्या एकाकडून सोनचाफ्याचं कलम आणलं, अडीचशे रुपये घेतले त्याने, वर "दुसऱ्या वर्षी फूल, नाय आलं तर झाड परत आणा" असं छातीठोक सांगितलं. तो टेम्पो परत कधी दिसला नाही हे वेगळं सांगायला नको.

आता झाड चौदा-पंधरा फूट आहे. पानं वीतभर, हिरवीगार, कीड नाही काही नाही. फूल मात्र एक नाही. कळीसुद्धा नाही. आई सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत जाते, झाडाकडे बघते, आणि काहीच बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऊन सकाळपासून दीड-दोन वाजेपर्यंत मिळतं, मग शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली. खत म्हणाल तर शेणखत, आणि मध्ये दोनतीनदा मूठभर युरिया. शेजारी म्हणतात माडाला घालतो तसं मीठ घाल. घालू का?

---

फोंड्याची_भाची | १२ जून, रात्री ११:१५

मीठ अजिबात घालू नका!!! माडाची गोष्ट वेगळी, तो समुद्राकाठचाच. चाफा जळेल.

---

पणजी_बाल्कनी | १३ जून, सकाळी ७:५०

आमच्या कॉलनीत एक चाफा आहे बघा, पांढरी फुलं, उन्हाळ्यात सगळी पानं गळतात आणि फुलं मात्र भरभरून. काही करावं लागत नाही. नुसती फांदी तोडून खोचली की झालं. तो लावा की.

---

कुळागरकार | १३ जून, सकाळी ९:०५

बाल्कनी बाय, तो खुरचाफा, आपल्याकडे देवळाच्या आवारात असतो तो. सोनचाफ्याशी त्याचा नात्याचा संबंध नाही, नुसता नावाने चाफा. तो मूळचा अमेरिका खंडातला, तोडला की पांढरा चीक येतो बघ, कण्हेरीच्या कुळातला. आणि हिरवा चाफा विचारशील तर तो सीताफळाच्या कुळातला, वेलासारखा चढतो. आपल्या लोकांनी वास बघितला आणि सगळ्यांना चाफा म्हणून टाकलं. सोनचाफा मात्र मॅग्नोलियाच्या घरचा. पूर्वी पुस्तकात मिचेलिया चंपाका लिहायचे, आता मॅग्नोलिया चंपाका लिहितात.

सड्यावरचे बाब, तुमच्या प्रश्नाकडे येतो. वर्णनावरून झाड निरोगी आहे, म्हणजे उपाशी नाही, आजारी नाही. मग फूल का नाही याची माझ्या मते तीन कारणं असू शकतात. युरिया हे एक, युरियाने पाला सुटतो आणि फूल मागे पडतं, तो आजपासून बंद. आंब्याची सावली हे दुसरं, पण अर्धा दिवस ऊन मिळतंय तेव्हा थोडी तरी फुलं यायला हवी होती. तिसरं कारण मला जास्त खरं वाटतंय पण फोटो बघितल्याशिवाय बोलणार नाही. एक काम करा, बुंध्याजवळची माती, पाला हाताने बाजूला सारा आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खोडाचा फोटो टाका. चारी बाजूंनी.

---

ओवळां | १३ जून, सकाळी ११:३०

तोपर्यंत मी माझं घोडं दामटते. सोनचाफ्याचा नाद सोडा, ओवळ लावा. तुम्ही घाटावरचे लोक बकुळ म्हणता ती. (तुम्ही पेडण्याचे, तुम्हाला सांगायला नको म्हणा.) आमच्या घरासमोर सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली आहे, चैत्र-वैशाखात पहाटे अंगण पांढरं होतं. फूल तोडायला लागत नाही, आपणहून खाली येतं, आणि मधोमध भोक घेऊनच येतं, सुई नको, केळीचं सोपट सोलून त्यात ओवत जायचं. सोनचाफा संध्याकाळपर्यंत तपकिरी होऊन जातो, ओवळांची माळ सुकून काळी पडली तरी वास देते. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत अजून एक आहे.

---

सुशेगाद_७१ | १३ जून, दुपारी १२:१०

ओवळ लावायची तर आजोबांनी लावायला हवी. आज लावली तर नातू ओवेल माळा 😄

---

ओवळां | १३ जून, दुपारी १२:२२

मग नातवासाठी लावा. काय बिघडतं?

---

सड्यावरचा | १३ जून, रात्री ९:३०

कुळागरकार काका, फोटो टाकलेत. पाऊस थांबेना म्हणून छत्री आणि टॉर्च घेऊनच गेलो, बायको वरून विचारतेय काय हरवलंय.

एक गंमत सांगतो. पाला सारला, गवत उपटलं, तर घोट्याच्या उंचीवर खोडाला एक गाठ आहे. त्या गाठीतून एका बाजूला बोटभर जाडीचं वाळकं थोटूक बाहेर आलंय, दोनेक इंच, काळं पडलेलं, नखाने दाबलं तर भुसा पडतो. आणि झाडाच्या सालीत निळ्या प्लास्टिकची पट्टी रुतून बसलीय, झाडाने जवळजवळ गिळलीच आहे तिला. मी ओढून बघितली, तुटली. पाच वर्षं रोज या झाडाला पाणी घालतोय, हे कधी दिसलं नाही.

---

कुळागरकार | १३ जून, रात्री १०:०५

हां. हेच वाटलं होतं मला.

बाब, तुम्ही आणलं ते कलमच होतं, टेम्पोवाला त्या बाबतीत तरी खोटं बोलला नाही. पण कलम म्हणजे दोन झाडं असतात. खाली बियांवरून उगवलेलं रोप, त्याला आपण खुंट म्हणतो, आणि त्यावर फुलणाऱ्या जुन्या झाडाची काडी बांधलेली. ती पट्टी त्या बांधणीची. तुमची वरची काडी मेली, बहुतेक पहिल्याच वर्षी, ते वाळकं थोटूक म्हणजे तीच. आणि सांध्याच्या खालून खुंटाला फूट आली, ती जोमदार असतेच, तुम्ही म्हटलं वा छान वाढतंय. पानं दोघांची सारखीच, ओळखणार कशी. आंब्याचं कलम घेताना आपण सांधा बघतो, खालची फूट दिसली की नखाने खुडतो, चाफ्याच्या वेळी कोण बघत नाही.

म्हणजे आज तुमच्या दारात आहे ते बियांचं झाड. काडी जुन्या झाडाची असते, ती वयात आलेली असते म्हणून कलम एकदोन वर्षांत फुलतं. बियांच्या झाडाला स्वतः वयात यावं लागतं, त्याला सात-आठ वर्षं, कधी दहासुद्धा. तुमचं झाड बिघडलेलं नाही. लहान आहे.

---

फोंड्याची_भाची | १४ जून, सकाळी ८:००

बापरे, मी पण आत्ता खाली जाऊन बघून आले माझं. माझं कलम ठीक आहे, सांध्याखाली दोन फुटी होत्या त्या लगेच काढल्या. पण काका माझा वेगळाच प्रॉब्लेम आहे, नवीन पानं पिवळी येतायत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं दिसतं. पाणी वेळेवर, शेणखत घातलंय. घर नवीन आहे, दोन वर्षं झाली.

---

मातीपरीक्षक | १४ जून, सकाळी १०:४५

भाची, घर नवीन म्हणालात तिथेच उत्तर आहे. बांधकामाचा रॅबिट, म्हणजे राडारोडा, कुठे टाकला होता? बहुतेक कंपाऊंडच्या आत पसरून वर दोन बोटं लाल माती घातली असेल, सगळीकडे हेच करतात. सिमेंट आणि चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, सोनचाफ्याला ती मानवते, आपणच तिच्यात चुना कालवतो. लोहाची फवारणी केलीत तर पानं हिरवी होतील पण तेवढ्यापुरती. खरा उपाय म्हणजे झाडाभोवती दीडदोन फूट उकरून सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे वेचून काढायचे आणि चांगली माती, कुजलेला पाला भरायचा. आणि राखसुद्धा घालू नका, चुलीतली राख लोक खत म्हणून घालतात, तीही अल्कधर्मीच.

---

फोंड्याची_भाची | १४ जून, संध्याकाळी ६:२०

दोन घमेली निघाली!! एक अख्खी टाइल पण. देव बरें करूं.

---

सड्यावरचा | १४ जून, रात्री ९:५०

मग आता मी काय करू ते सांगा. तोडून नवीन लावू का यावरच परत कलम करता येईल?

---

सुशेगाद_७१ | १४ जून, रात्री १०:१५

तोडण्याआधी एक लक्षात घ्या, गोव्यात झाडं तोडायला १९८४ चा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगी काढावी लागते. अर्ज, पाहणी, फेऱ्या. तेवढ्या वेळात फूल येईल.

---

कुळागरकार | १५ जून, सकाळी ७:३०

तोडायचं कशाला. यावर परत कलम करता येईल, खोड छाटायचं, नवी फूट आली की त्यातल्या दोन चांगल्या ठेवून त्यांना फुलणाऱ्या झाडाची काडी जोडायची, भेट कलम बांधून किंवा पाचर मारून. पण करणारा हात हवा, आणि पाच वर्षांची मुळं असलेलं झाड छाटलं की खालून इतक्या फुटी येतात की राखण करता करता दमाल. परत एकदा काडी मेली तर परत पहिले पाढे.

मी तुमच्या जागी असतो तर हे झाड आहे तसं वाढू दिलं असतं आणि दुसरं कलम, नीट नर्सरीतून, सांधा बघून आणलं असतं. सिंधुदुर्गातून वेलणकर जातीची कलमं येतात, फूल गडद आणि झाड लहान असतानाच धरतं, ती मिळाली तर बघा. घेताना काडी हाताने हळूच हलवून बघा, सांधा डुलला तर घेऊ नका. कळी असलेलं मिळालं तर उत्तम, मग कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायला नको.

जागा घरापासून दहाबारा फूट तरी लांब. वरून विजेची तार नको. चाफ्याची फांदी ठिसूळ, पावसात मोडते.

---

म्हादयकांठ | १५ जून, सकाळी ९:१०

जागेवरून माझं दुखणं सांगतो, सड्यावर राहता म्हणून मुद्दाम. आमची जमीन पण जांभ्याची. मी पहारीने दगड फोडून तीन फूट खोल, तीन फूट रुंद असा देखणा खड्डा खणला, दोन दिवस गेले, कामेऱ्याला हजेरी दिली ती वेगळी. शेणखत, पाला, नदीची माती, सगळं यथासांग भरून कलम लावलं. जूनमध्ये. जुलैत पानं लोंबायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय (भर पावसात!!) म्हणून काय झालं ते बघायला हात घातला तर आत गाळ, आणि कुजलेला वास. तो खड्डा नव्हताच, टाकी होती. जांभ्याचा वरचा थर कडक असला की पाणी खाली जात नाही, चहूबाजूंनी वाहून येऊन त्यातच साचतं. उपटलं तर मुळं काळी, हाताला साल निघून आली.

तेव्हा खणलात तर आधी दोन बादल्या पाणी ओतून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे खड्डा नको, वर चढवून लावा.

---

सड्यावरचा | १७ जून, रात्री ८:००

बादली टेस्ट केली. म्हणजे करायला गेलो तर रात्रभर पाऊस लागला, सकाळी खड्डा काठोकाठ भरलेला आणि त्यात एक बेडूक पोहत होता. निकाल लागला म्हणायचं.

घरात उरलेले चिरे आहेत, त्यांचं गोल कडं करून दोन थर रचतो आणि आत माती भरून त्यावर लावतो. चालेल ना?

---

म्हादयकांठ | १७ जून, रात्री ८:२५

चालेल. चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरू नका फक्त, पाणी जायला वाट राहू दे. आणि मातीत थोडी वाळू, बारीक चिऱ्याचा चुरा. कडं चार फूट रुंद तरी करा, नाहीतर उन्हाळ्यात लगेच सुकतं. मार्च-एप्रिलला आळ्यात पाला, नारळाची सोडणं टाकून झाकायचं.

---

पणजी_बाल्कनी | १८ जून, दुपारी १:३०

आणि ज्यांना चिरे नाहीत, सडा नाही, फक्त चार फुटांची बाल्कनी आहे त्यांनी काय करायचं? 🙁

---

कुळागरकार | १८ जून, रात्री ९:००

कलम कुंडीत येतं गो. अठरा इंचाची कुंडी घे, किंवा अर्धा ड्रम, खाली भोकं मोठी पाड. बाल्कनी पूर्वेची किंवा दक्षिणेची असायला हवी, पाचसहा तास ऊन नसेल तर हट्ट करू नकोस. नव्या फुटीवर फूल येतं, म्हणून बहर ओसरला की शेंडे हलके छाटत जा, झाड ठेंगणं राहतं. शेणखत, नीमपेंड, महिन्याला मूठभर. दोन वर्षांनी माती बदल.

आणि पानांवर हिरवी जाड अळी दिसली तर लगेच औषध मारू नको. ती फुलपाखराची असते, टेल्ड जे नावाचं, काळ्यावर पोपटी ठिपके, बसलं तरी पंख फडफडवत राहतं. चारदोन पानं खाईल, खाऊ दे.

---

विरोधी_पक्ष | १९ जून, सकाळी १०:००

सगळे चाफा आणि ओवळीवर तुटून पडलेत, पारिजातकाचं नाव कोणी घेत नाही. बियांवरून लावला तरी दोनतीन वर्षांत फुलतो, कलमाची भानगड नाही, सड्यावर पण जगतो. आणि गोव्याचं झाड म्हणायचं तर त्याचाच मान पहिला. १५६३ साली इथे गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात यावर अख्खं प्रकरण आहे, "दुःखी झाड" म्हणून, रात्री फुलतं आणि सूर्य बघितला की फुलं गाळतं म्हणून. एका मुलीचा जीव सूर्यावर जडला आणि त्याने तिला टाकली ही लोककथा पण त्याने लिहून ठेवलीय. शास्त्रीय नावातलं "आर्बर ट्रिस्टिस" त्याच अर्थाचं. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला याच डॉक्टरचं नाव आहे, बाल्कनीबाई रोज समोरून जात असतील.

---

पणजी_बाल्कनी | १९ जून, सकाळी १०:४०

जाते रोज! हे माहीत नव्हतं.

---

ओवळां | १९ जून, सकाळी ११:०५

पारिजातक सुंदरच हो, पण त्याची फुलं नऊ वाजेपर्यंत मलूल. पान म्हणजे काचपेपर. ज्याने त्याने आपापलं लावावं. आणि मर्दोळची जायो, म्हणजे जाईची फुलं, राहिलीच की, म्हाळशेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा जाऊन बघा वास म्हणजे काय ते. पण तो वेल पडला, धागा झाडाचा आहे.

---

किनळेकर_पावणो | १९ जून, रात्री १०:३०

सुरंगीचं नाव घेतल्याशिवाय मला झोप लागणार नाही. आमच्या आजोळी आहे. मार्चमध्ये जाड्या फांद्यांवर, पानांच्या मागच्या उघड्या भागात मोत्यासारख्या कळ्या चिकटून येतात. मामा काळोखात चढायचा, कळी उमलायच्या आत काढायला हवी, उमलली की मधमाश्या येतात आणि मग तुम्ही फांदीवर आणि माश्या तुमच्यावर. खाली आम्ही पोरं चादर धरून. सुरंगीचा वळेसर (गजरा) डोक्यात माळला की सुकल्यावरही दोन दिवस केसाला वास. पण दारात लावायचं झाड नव्हे ते, उंच जातं, फुलायला फार वर्षं घेतं, आणि नर झाड की दुसरं हे फुलल्याशिवाय कळत नाही.

---

सुशेगाद_७१ | २० जून, सकाळी ८:१५

सड्यावरच्या बाबाने एक फूल मागितलं, तुम्ही त्याला चतुर्थीला गणपतीवर फळंफुलं टांगतात तशी अख्खी माटोळी बांधून दिली.

---

सड्यावरचा | २७ जून २०२१, रात्री ९:१५

अपडेट. चिऱ्यांचं कडं झालं, कलम आणलं, सांधा बघून, हलवून, नर्सरीवाला वैतागेपर्यंत. एक कळी होती ती गाडीतच गळली. ओवळ पण लावली गेटापाशी, ओवळांताई, तुमच्या शालूच्या घडीमुळे.

जुन्या झाडाचं आईला सगळं समजावून सांगितलं, काडी मेली, खुंट वाढलं, हे खरं कलम नाही वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाडात खरं-खोटं काय असतं? आजीचं पण बियांचंच होतं." विषय संपला. झाड राहतंय.

---

सड्यावरचा | ९ मे २०२२, सकाळी ७:२०

कलमाला फूल!!! फोटो बघा. काल संध्याकाळी हिरवट कळी होती, आज सकाळी भगवी. कंबरेएवढं झाड आणि फूल बोटाएवढं.

आईने तुळशीकडे ठेवलं. मग दुपारी उचलून हुंगलं आणि म्हणाली बरं आहे, पण वास आजीच्या झाडाचा नाही. आता काय बोलायचं.

---

मातीपरीक्षक | ९ मे २०२२, दुपारी १२:४०

अभिनंदन! आईचं चूक नसेल. कलम म्हणजे ज्या झाडाची काडी त्याच झाडाचं फूल, रंग-वास सगळं तेच. आजीचं झाड बियांचं, म्हणजे तसं दुसरं कुठेच नव्हतं. बियांच्या झाडांत रंगसुद्धा फिक्या पिवळ्यापासून गर्द केशरीपर्यंत निघतो.

---

फोंड्याची_भाची | ९ मे २०२२, रात्री ८:५०

मस्त! एक फूल पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून झाकण घट्ट लावून ठेवा, आमच्याकडे शोकेसमध्ये आहे एक, अजून तसंच दिसतं.

---

सड्यावरचा | २१ एप्रिल २०२४, रात्री १०:१०

धागा वर काढतोय, माफी असावी.

गेला आठवडाभर आई म्हणत होती चाफ्याचा वास येतोय. मी कलम बघितलं, त्यावर फूल नव्हतं, मार्चमध्येच छाटलंय. बायको म्हणाली शेजारी कुणी अगरबत्ती बदलली असेल. मुलगा म्हणाला आजी तुला भास होतात. ती म्हणाली, बरं.

आज सकाळी गाडी पुसायला गेलो तर बॉनेटवर तीन पाकळ्या. फिक्या, लोण्याच्या रंगाच्या, टोकाला किंचित पिवळ्या. वर बघितलं तर काही दिसेना, झाड आता घराच्या कौलांच्या वर गेलंय. गच्चीवर चढलो, तिथून दिसलं, शेंड्याला, उन्हाच्या बाजूला, पानांच्या बेचक्यात फुलं. मी मोजली अकरा, मुलगा म्हणतो चौदा. दोनचार उमलून सुकूनही गेलेली, म्हणजे आईचं आठवड्याचं गणित बरोबर.

२०१६ ते २०२४, आठ वर्षं. कुळागरकार काका, तुम्ही सात-आठ म्हणाला होता.

आईला पाकळ्या नेऊन दिल्या. हातात घेतल्या, वास घेतला, आणि आजीच्या झाडासारखा आहे का असं विचारलं तर म्हणाली, "पाकळ्यांवरून काय कळतंय? फूल काढून आण."

आता ते कसं काढायचं ते सांगा. वीस फुटांवर आहे आणि फांदी मनगटाएवढी पण नाही.

---

कुळागरकार | २१ एप्रिल २०२४, रात्री १०:३५

वा वा वा. डोळ्यांत पाणी आलं हो.

चढू नका. मुलालाही चढवू नका, चाफ्याची फांदी सांगून मोडत नाही. बांबूच्या टोकाला आकडी बांधा आणि आकडीच्या खाली फाटका रुमाल पिशवीसारखा शिवून घ्या, फूल खाली पडलं की पाकळ्या सुटतात, पिशवीत अख्खं येतं. गच्चीवरून काढा. उजाडायच्या आधी, उमलतं असलेलं बघून. आणि ओढू नका, देठाला आकडी लावून नुसती पिरगळा.

---

ओवळां | २१ एप्रिल २०२४, रात्री १०:५०

आणि ओवळ?

---

सड्यावरचा | २१ एप्रिल २०२४, रात्री १०:५२

गुडघ्याएवढी आहे ताई.

---

सड्यावरचा | २२ एप्रिल २०२४, सकाळी ६:४०

काढलं. दोन फुलं, एक पिशवीत आलं, एक शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेलं. आई देवघरात आहे, अजून बाहेर आली नाही.